गारगोटी पेटली नाही त्या सकाळी: साफेदमधलं १५७१ सालचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बाईचं नाव मी लपवलेलं नाही. ते मुळात कुणी लिहूनच ठेवलं नाही. तिच्यावर उपचार करणाऱ्याचं नाव आहे, त्याला पाठवणाऱ्या गुरूचं आहे, तिला बघायला आलेल्या एका पंडिताचं सुद्धा आहे. ती मात्र सगळीकडे फक्त ‘विधवा’. तिच्या अंगात शिरलेल्या आत्म्याने आपलं आणि बापाचं नाव सांगितलं होतं, पण लिहिणाऱ्यांनी तिथे ‘अमुक, अमक्याचा मुलगा’ एवढंच ठेवलं. त्यामागे लाज होती, कारण त्या माणसाची मुलं कदाचित अजून जिवंत होती. बाईच्या बाबतीत लाजेचं कारण दिसत नाही. तिचं नाव कुणाला लागलंच नाही.

पुढे जे मांडतो आहे ते दोन प्रकारच्या नोंदींवरून. एक, उपचार करणाऱ्याने स्वतःच्या डायरीवजा पुस्तकात लिहिलेल्या थोड्या ओळी. दुसरी, त्याच्या गुरूच्या चमत्कारांच्या कथांमध्ये आलेली लांबलचक हकीकत, जी सतराव्या शतकात छापली गेली. अशा कथांमध्ये गुरूची थोरवी वाढवण्याची हौस असते, संतचरित्रं वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. तरी या हकीकतीत इतके अडखळणारे, गैरसोयीचे तपशील आहेत की ती नुसती आरती वाटत नाही.

पार्श्वभूमी

साफेद हे आजच्या उत्तर इस्राएलमधलं, वरच्या गॅलिलीतलं डोंगरावरचं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर. १५१६ पासून तिथे उस्मानी तुर्कांचा अंमल होता. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं गेलं, तेव्हा विखुरलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढच्या दोन पिढ्यांत इकडे येऊन स्थिरावले. तुर्की करवसुलीच्या नोंदवह्यांत १५२५-२६ मध्ये इथली ज्यू कुटुंबं २३३ दिसतात, १५६७-६८ मध्ये ९४५. लोकरीचं कापड विणणं आणि रंगवणं हा मुख्य धंदा. घराघरात हाकलले गेल्याच्या आठवणी होत्या आणि वाटेत मेलेल्यांच्याही. समुद्रात बुडालेला, दफनाशिवाय राहिलेला, मरताना प्रार्थना न म्हणता आलेला असा कुणी ना कुणी बहुतेकांच्या नात्यात असणार.

याच गावात त्या काळी ज्यू गूढवादाची, म्हणजे कबालाची, सगळ्यात दाट गर्दी होती. धर्मशास्त्राची संहिता रचणारे योसेफ कारो इथलेच. मोशे कोर्दोवेरो १५७० मध्ये इथेच वारले. आणि त्याच साली इजिप्तहून इसाक लुरिया आले. वय ३६. शिष्य त्यांना ‘आरी’ म्हणत, म्हणजे सिंह. साफेदमध्ये ते जेमतेम दोन वर्षं जगले, १५७२ च्या उन्हाळ्यात साथीत गेले, आणि स्वतः जवळजवळ काहीच लिहिलं नाही. जे आहे ते मुख्यतः शिष्य हायिम विताल यांनी लिहिलेलं. विताल तेव्हा तिशीच्या आतले, गुरूकडे येऊन काही महिनेच झालेले.

आता आत्म्यांबद्दल. आपल्याकडे पुनर्जन्म हा इतका घरचा विषय आहे की ज्यू परंपरेतला गिल्गुल तसाच असेल असं वाटून जातं. तसं नाही. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, पुनर्जन्म सांगितलेला नाही, आणि दहाव्या शतकात बगदादच्या सादिया गाओन यांनी ही कल्पना मूर्खपणाची म्हणून मोडीत काढली होती. बाराव्या शतकाच्या शेवटी ‘बाहिर’ नावाच्या ग्रंथातून ती पुन्हा डोकं वर काढते, तेराव्या शतकात स्पेनमधल्या ‘झोहार’मध्ये वाढते, आणि लुरियांकडे येईपर्यंत तिचं मोठं यंत्र झालेलं असतं. या यंत्रात आत्मा परत येतो तो राहिलेलं काम पुरं करायला. तोरातल्या ६१३ आज्ञांपैकी जी पाळायची राहिली, जे मोडलं ते जोडायचं. या जोडण्याला तिक्कून म्हणतात. परत यायला मिळणं ही सवलत आहे.

आणखी एक प्रकार म्हणजे इब्बूर, शब्दशः गर्भधारणा. जिवंत, मोठ्या माणसाच्या आत दुसरा आत्मा काही काळ राहायला येतो. चांगला असेल तर त्या माणसाला बळ देतो, काम झालं की जातो. यातलीच वाईट बाजू म्हणजे आपल्या प्रकरणातला पाहुणा. पुढे पूर्व युरोपात त्याला ‘दिब्बुक’ हे नाव पडलं, चिकटलेला या अर्थी. साफेदच्या नोंदींत हा शब्द नाही, तिथे नुसतं ‘रुआख’ म्हणतात, आत्मा किंवा वारं. असा आत्मा एवढा पापी असतो की त्याला नवा जन्म मिळत नाही आणि नरकातही घेत नाहीत. आपला त्रिशंकू निदान स्वर्गाच्या दारातून परतला होता, हा नरकाच्या दारातून हाकललेला.

अडचण

विधवेच्या अंगात आत्मा शिरला होता आणि तिला फार यातना देत होता. गुदमरवत होता, असं नोंदीत आहे. बातमी पसरली तशी गर्दी सुरू झाली. आत्मा येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या मनातलं सांगायचा. अशा ठिकाणी काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. दुखणाऱ्या बाईभोवती प्रश्न विचारणाऱ्यांची रांग लागते आणि घरच्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही.

एक दिवस योसेफ आर्झिन नावाचे पंडित आले. आत्म्याने त्यांना गुरुजी म्हणून स्वागत केलं आणि आठवण दिली की इजिप्तमध्ये मी तुमच्याकडे शिकायला होतो. म्हणजे हा कुणी परका राक्षस नव्हता. ओळखीतला, शिकलेला, आपल्याच वर्गातला मुलगा होता. या क्षणापासून सगळ्यांचं लक्ष बाईवरून उडून आत्म्याकडे गेलं असावं असं मला वाटतं. तो एक गोष्ट झाला होता, आणि ती फक्त जागा.

शेवटी हलले ते तिचे नातेवाईक. तिचे हाल बघवेनात म्हणून ते लुरियांकडे गेले.

समोरचे पर्याय

काहीच न करणं हा पर्याय दिसतो त्यापेक्षा खरा होता. आत्मा माहिती देत होता, लोकांना पापाची भीती घालत होता, आणि गावातल्या धर्मगुरूंना ते अगदीच नकोसं नव्हतं. मेल्यानंतर शिक्षा असते याचा चालताबोलता पुरावा दारात आला होता.

दुसरा पर्याय म्हणजे नेहमीचा उपाय: मंत्र, शपथा आणि धूर. त्याच १५७१ सालात, त्याच गावात, दुसऱ्या एका बाईवर तो झाला होता. एलियाहू फाल्कोन यांनी त्याची हकीकत लिहून पत्रकासारखी फिरवली. मोठी गर्दी जमलेली, मंत्र जाणणारी दोन माणसं बोलावलेली, आग आणि गंधकाचा धूर बाईच्या नाकात सोडलेला. धूर वाढला तसा आत्मा बोलायला लागला. नाव, गाव, कुटुंब, पाप, सगळं सांगितलं. उपस्थितांची खात्री पटली. बाई वाचली नाही. (महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं गुन्हा म्हणून लिहावं लागलं, हे वाचताना मला फाल्कोन यांचं पत्रक आठवतं. साडेचारशे वर्षं आणि हजारो मैल मध्ये आहेत, पण नाक तेच.)

आत्मा आमच्या विधवेकडे येण्याआधी नाब्लुसमधल्या एका ज्यू पुरोहितकुळातल्या माणसात होता. त्याने मुसलमान मांत्रिक बोलावून ताईत बांधून घेतले होते. म्हणजे धर्माबाहेरचा इलाज हाही एक चालू पर्याय होता, आणि आत्म्याच्याच सांगण्यानुसार तो लागू पडला होता. ही नोंद कथाकारांना अवघड गेली असणार. त्यांनी आत्म्याच्या तोंडी खुलासा घातला आहे: त्या ताइतांत सामर्थ्य नव्हतं, त्यांनी शरीरात एवढा विटाळ भरला की मलाच राहवेना.

चौथा पर्याय लुरियांचा नवा. त्याला यिहूद म्हणतात, एकत्र आणणं. रोग्याची नाडी धरायची, कारण आत्म्याचा खालचा थर नाडीत प्रकट होतो. स्तोत्र १०९ मधली सहावी ओळ म्हणायची, ज्यात दुष्टावर दुष्ट नेमण्याची आणि उजव्या हाताला सैतान उभा करण्याची मागणी आहे. ती सुलटी म्हणायची, उलटी म्हणायची, आणि मनात ईश्वराच्या नावांची ठरावीक जुळणी धरायची. शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा, वाजवायचा. यात धूर नाही, चाबूक नाही. सगळा जोर करणाऱ्याच्या एकाग्रतेवर. आणि उद्देश दुहेरी: बाईला सोडवायचं, तसंच शिरलेल्यालाही पुढच्या वाटेला लावायचं. आपल्याकडच्या भूत उतरवण्यात भुताच्या भल्याचा विचार क्वचितच असतो, गाव सोडून गेलं की झालं. इथे बसलेला आत्मा सुद्धा पेशंट आहे.

लुरियांनी हाच पर्याय निवडला. पण स्वतः गेले नाहीत. वितालच्या डोक्यावर हात ठेवून, नामं आणि जुळणी शिकवून, त्यांनी शिष्याला पाठवलं.

काय केलं

विताल खोलीत आले तेव्हा बाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. इथे दोन नोंदी वेगळ्या बोलतात, आणि फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. छापील कथेत विताल विचारतात, तोंड का फिरवलंस, आणि आत्मा सांगतो की तुमच्या चेहऱ्याचं तेज मला सोसवत नाही. मग आज्ञा होते आणि चेहरा वळतो. वितालच्या स्वतःच्या ओळींत आणखी एक गोष्ट आहे. त्यांनी तोंड वळव म्हणून सांगितलं, तो ऐकेना, तेव्हा त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हात टाकला. आत्म्याने तक्रार केली: तोंड वळवलं नाही म्हणून मारता? मी ते खोडीने केलं नव्हतं, तुमच्या चेहऱ्यावर आग पेटली आहे आणि तिच्याकडे बघितलं की मी भाजतो.

विताल ही गोष्ट आपल्या पावित्र्याचा दाखला म्हणून लिहितात. त्यांना जाणवलंच नसावं की चेहरा त्याचा नव्हता, तिचा होता.

मग चौकशी सुरू झाली, आणि हकीकतीचा मोठा भाग तोच आहे. पाप कोणतं? विवाहित स्त्रीशी संबंध ठेवले आणि तिच्यापासून मुलं झाली. ज्यू कायद्यात अशा मुलांना ममझेर म्हणतात. साध्या अनौरसपणापेक्षा हे कडक आहे, त्यांना समाजात सरळ लग्न करता येत नाही आणि हा डाग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. मेलास कसा? अलेक्झांड्रियाहून जहाजाने निघालो, नाईल समुद्राला मिळते तिथे बुडालो. मरताना पश्चात्ताप का नाही केलास? घशात एकदम पाणी गेलं, वेळच मिळाला नाही.

पुढचं वर्णन अंगावर येतं. प्रेत सापडलं, रीतसर दफन झालं, माणसं घरी गेली, आणि मग एका क्रूर देवदूताने अग्नीच्या काठीने थडगं फोडलं. गोफणीतल्या दगडासारखं त्याला नरकाच्या दारापाशी भिरकावलं. आतल्या पाप्यांनीच त्याला शिव्या देऊन बाहेर काढलं. तेव्हापासून तीन पहारेकरी त्याच्याबरोबर, एक उजवीकडे, एक डावीकडे, एक मागून मारणारा.

वितालनी मध्येच एक शास्त्रार्थाचा प्रश्न घातला: मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, तर नरकातली शिक्षा बाराच महिन्यांची सांगितली आहे? आत्म्याचं उत्तर तयार होतं. ते बारा महिने शेवटचे. आत घेण्याआधी बाहेरची शिक्षा भोगावी लागते, तीच माझी चालू आहे. पंचवीस वर्षं झाली.

या पंचवीस वर्षांत तो कुठे कुठे गेला याची यादी मराठी वाचकाने थांबून वाचावी अशी आहे. तो होर्मुझपर्यंत पोचला, हिंदुस्थानच्या जवळचं मोठं शहर, असं कथेतच म्हटलं आहे. होर्मुझ १५१५ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि तिथला कारभार गोव्याच्या हाताखाली चाले. मसाल्याच्या त्या वाटेवर ज्यू व्यापारी होते. तिथल्या एखाद्या ज्यूच्या शरीरात शिरून मार चुकवावा असा त्याचा बेत होता. पण तिथले लोक इतके बिघडलेले दिसले की त्यांच्यात शिरून आपला मळ वाढेल अशी त्याला भीती वाटली. साफेदच्या कथाकाराला दूरच्या बंदरातल्या ज्यूंबद्दल काय वाटत होतं ते यात आपसूक बाहेर पडलं आहे.

तिथून तो परतला. गाझाच्या रानात एका गाभण हरिणीत शिरला. माणसाचा आत्मा उभा चालणारा आणि जनावराचा वाकून चालणारा, दोन्ही एका कातडीत मावेनात. तिचं खाणं त्याला सोसेना. हरिणी डोंगरांतून सैरावैरा धावत सुटली आणि शेवटी फुटून मेली. मग नाब्लुस, मग साफेद. सुटका केव्हा? ती मुलं जिवंत आहेत तोवर नाही. हे ऐकून खोलीतली माणसं रडली. ती मुलं कुठे होती, त्यांचं काय चाललं होतं, हे वितालनी विचारलं नाही. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्या मरणाची वाट बघणं हाच इलाज ठरला, आणि खोलीत कुणाला ते खटकल्याची नोंद नाही.

आता कळीचा प्रश्न. या बाईत शिरायची परवानगी तुला कुणी दिली? लुरियांच्या विचारात हे महत्त्वाचं आहे. आत्मा उगाच कुणातही शिरू शकत नाही, कुठेतरी दार उघडं लागतं. आत्म्याने सांगितलं: एका रात्री मी तिच्या घरात मुक्कामाला होतो. सकाळी उठून ती विस्तव करायला बसली. गारगोटीवर लोखंड झाडलं, चिंधी पेटेना. पुन्हा झाडलं, पुन्हा नाही. शेवटी चिडून तिने गारगोटी, लोखंड, चिंधी सगळं जमिनीवर आपटलं आणि म्हणाली, जा सैतानाकडे. तेवढं मला पुरलं.

एवढ्याशा गोष्टीवरून? हा प्रश्न वितालनाही पडला, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. तेव्हा आत्मा खरी चुगली करतो. ही बाई वरून दिसते तशी आत नाही. इजिप्तमधून सुटकेचे, समुद्र दुभंगल्याचे चमत्कार हिला खरे वाटत नाहीत. त्या सुटकेच्या सणाच्या, दर पेसाहच्या रात्री सगळे स्तोत्रं म्हणत आनंद करतात, तेव्हा ही मनातल्या मनात हसते.

वितालनी आत्म्याला तिथेच सोडलं आणि बाईकडे वळले. पूर्ण हकीकतीत तिला थेट विचारण्याची ही एकच वेळ. ईश्वराने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली हे मानतेस? हो. त्याने आपल्याला मिसरमधून बाहेर काढलं, समुद्र दुभंगला, हे मानतेस? हो. मनात आलं त्याचा पश्चात्ताप आहे? हो. आणि ती रडायला लागली.

यानंतर वितालनी बहिष्काराचा धाक घालून आत्म्याला निघायला सांगितलं, डाव्या पायाच्या करंगळीतूनच. ज्या अवयवातून आत्मा बाहेर पडतो तो निकामी होतो असा समज होता, म्हणून वाट आधी ठरवून दिली. डोळा नाही, घसा नाही, करंगळी. जुळणी म्हटली, करंगळी टरारून फुगली, आत्मा गेला.

काय झालं

बाई वाचली. त्या वर्षीच्या त्या गावातल्या दुसऱ्या प्रकरणाशी तुलना करता हीच मोठी बातमी.

पण प्रकरण मिटलं नाही. पुढे काही रात्री आत्मा तिच्या दारा-खिडक्यांशी येऊन तिला घाबरवू लागला. नातेवाईक पुन्हा लुरियांकडे. या वेळी लुरियांनी मंत्र सांगितला नाही, वितालना तिच्या दाराची मझूझा तपासायला पाठवलं. अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूला बेने इस्राएल घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही वस्तू माहीत असेल: चौकटीवर बसवलेली छोटी नळी, आत हाताने लिहिलेलं चर्मपत्र, येता-जाता तिला हात लावून बोटं ओठाला टेकवायची. वितालनी जाऊन पाहिलं तर मझूझाच नव्हती. ती बसवायला लावली. त्यानंतर आत्मा आला नाही.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा गर्दीची. बाई गुदमरत असताना किती दिवस लोक येऊन प्रश्न विचारत होते, आणि लुरियांचं घर त्याच गावात होतं. नातेवाइकांनी आधी जायला हवं होतं हे म्हणणं सोपं आहे. पण ज्या घरात पंडित स्वतः येऊन बसतात तिथे विधवेच्या भावाने किंवा दिराने दार कसं लावायचं? दार लावण्याची जबाबदारी आर्झिन यांच्यासारख्यावर पडते. ओळख पटल्यावर त्यांनी काय केलं याची नोंद नाही.

दुसरी जागा, धुराऐवजी यिहूद. हा निर्णय सगळ्या प्रकरणात सर्वांत चांगला. मात्र तो बाईच्या कणवेपोटी घेतला गेला असं मी म्हणणार नाही. लुरियांच्या मांडणीत धुराला कामच नव्हतं, आत्मा हलतो तो नामांच्या जुळणीने. बाईचं नाक वाचलं ते सिद्धान्तामुळे. कधी कधी तेवढंही पुरतं.

तिसरी जागा शिष्याला पाठवण्याची. विताल कोवळे होते, पद्धत नवी होती, गुरू गावातच होते. चेहऱ्यावर हात टाकण्याची चूक अनुभवी माणसाने केली नसती असं वाटतं. दुसरीकडे, गुरू गेले असते तर प्रकरण ‘आरींचा चमत्कार’ म्हणून तिथेच संपलं असतं. शिष्य गेला म्हणून पद्धत शिकवता येते हे सिद्ध झालं, आणि नाडी, स्तोत्र, शोफार यांची तपशीलवार कृती वितालच्या लिखाणातून बगदादपासून पोलंडपर्यंत पोचली.

चौथी जागा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: आत्म्याकडून बाईकडे वळणं. विताल तसेच पुढे गेले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. ते थांबले. पण थांबून त्यांनी जे विचारलं त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर शक्य होतं का? खोलीभर माणसं, समोर तिच्या मनातलं चव्हाट्यावर मांडलेलं, आणि प्रश्न विचारणारा तिच्या सुटकेची किल्ली हातात घेऊन उभा. तिने तीनदा हो म्हटलं. अभ्यासकांनी या काळातल्या अशा प्रकरणांकडे बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवली आहे, की जे बोलायची मुभा नाही ते आत्म्याच्या आवाजात बोललं जातं. पेसाहची कथा मला खरी वाटत नाही, हे वाक्य साफेदमध्ये १५७१ साली एका विधवेला उघड म्हणता आलंच नसतं. ते खोलीत म्हटलं गेलं, फक्त आवाज पुरुषाचा होता आणि वाक्य तिच्या विरुद्ध साक्ष म्हणून आलं. तिने ते मनात खरंच धरलं होतं की नाही, याला आत्म्यापलीकडे साक्षीदार नाही.

पाचवी जागा मझूझाची, आणि इथे क्रम उलटा झाला. दार पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. मिश्नामध्ये बायकांना ज्या आज्ञा बंधनकारक म्हणून सांगितल्या आहेत त्यात मझूझा आहे, तेव्हा हा तपशील वितालना ठाऊक नव्हता असं नाही. पण चर्मपत्र लिहिणारा लेखनिक लागतो, त्याला पैसे लागतात. घरात पुरुष नाही, सकाळी विस्तवासाठी शेजारून निखारा आणण्याऐवजी ओल्या चिंधीशी झटणारी बाई आहे, ही चिन्हं पहिल्याच चौकशीत समोर आली होती. आत्म्याने गारगोटीची गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांना तिच्यात शाप दिसला. मला ते वाचताना थंडी दिसते. साफेदची डोंगरावरची पहाट आहे, आणि चूल पेटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

याचं उत्तर देताना आपले निकष १५७१ वर लादायचा मोह टाळायला हवा. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं वगैरे म्हणण्यात अर्थ नाही, नाडी बघणारे लुरिया हेच त्या गावातलं त्यातल्या त्यात सौम्य वैद्यक होतं. त्यांच्या चौकटीत राहून काय शक्य होतं एवढंच विचारावं.

एक शक्यता विताल यांनीच पुढे दाखवली. १६०९ मध्ये दमास्कसला, म्हातारपणाकडे झुकलेले असताना, त्यांना राफाएल अनाव यांच्या मुलीचं प्रकरण कळलं. तिच्यातही आत्मा आला होता, पण तो एका सत्पुरुषाचा म्हणून मानला गेला. तो गेल्यावरही ती मुलगी दृष्टान्त सांगत राहिली, आणि विताल यांना स्वतःला खडे बोल ऐकावे लागले. त्यांनी ते आपल्या पुस्तकात पानंच्या पानं लिहून ठेवले. तिच्या चेहऱ्यावर कुणी हात टाकल्याची नोंद नाही. अडतीस वर्षांत पद्धत बदलली नव्हती. समोरच्या बाईचं बोलणं उतरवून घ्यायला मात्र ते शिकले होते. अर्थात ती मुलगी प्रतिष्ठित घरातली होती आणि तिच्यातला आत्मा पुण्यवान होता, हे दोन फरक लहान नाहीत.

साफेदच्या विधवेपाशी हे शक्य होतं का? गर्दी बाहेर काढून, तिच्या नातेवाइकांपैकी एखादी बाई जवळ ठेवून, तेच तीन प्रश्न विचारता आले असते. शेवटी एक चौथा घालता आला असता, की त्या सकाळपासून तुला काय होतंय. उपचाराच्या विधीत याला कुठेच मनाई नव्हती. नाडी तर वितालच्या हातात होतीच.

करंगळीचं पुढे काय झालं, ती बरी झाली की निकामी राहिली, हे कथेत नाही. मझूझा बसली एवढं लिहून लेखणी दुसऱ्या चमत्काराकडे वळते.